गळाला लागलेली माणसं

मासे धरायला गळ, दोरी, आमिष आणि धीर लागतो, असं जाणकार सांगतात. आमच्या घरी त्याच्याही आधी कालनिर्णय लागतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार मुळात मोकळा होता, पण त्यात मधूनच अंगारकी घुसते म्हणून आईनं तो कायमचा राखीव करून टाकला. शिवाय महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी, आख्खा श्रावण, नवरात्र. हे झालं लातूरहून आणलेलं सामान. हैदराबादच्या कुकटपल्लीत मुरल्यावर शेजाऱ्यांचा कार्तिकही आम्ही आपला मानला. ते सणासुदीला आपुलकीनं पुलिहोरा आणून देतात, तेव्हा त्यांच्या कार्तिकात आमच्या खिडकीतून तळणीचा वास जाणं बरं दिसत नाही. एवढं वजा जाता उरतात काही बुधवार, काही शुक्रवार आणि काही रविवार. बुधवारी, शुक्रवारी ऑफिस असतं. राहिला रविवार. त्या दिवशी नेमकी मासळीलाच सुट्टी असते, असा माझा दाट संशय आहे.

मी आईला तोडगा सुचवून पाहिला. म्हटलं, "मी खाणार नाही. फक्त धरीन आणि परत पाण्यात सोडीन. मग गुरुवार चालेल का?"

"सोडायचाच तर धरायचा कशाला?" आई म्हणाली. "त्याला पत्ता विचारायचाय?"

धरून सोडण्याची ही कल्पना माझी नव्हे. रात्री जेवण झालं की मोबाइलवर अमेरिकेतली माणसं मासे धरताना बघायचा मला नाद लागला आहे. तिकडं नदीकाठी लोकांसाठी राखलेली जागा असते. गाडी लावायला फरशी, होडी उतरवायला उतार, टेकायला बाकडं, आणि किती इंचांचा मासा घरी न्यायचा, कितीचा सोडायचा याची पाटी. टोपीवाला एक गृहस्थ खिशात लायसन घालून येतो, न बोलता उभा राहतो, एखादा बास नाहीतर मिशाळ कॅटफिश वर काढतो, त्याच्याकडं मायेनं बघतो आणि पाण्यात सोडतो. माशाचं मला फार अप्रूप नाही. मला भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. एवढ्या वेळात त्या माणसाशी बोलायला कुणीही येत नाही! जेएनटीयूच्या चौकात संध्याकाळी सातला अडकणाऱ्या, वरून मेट्रो, खालून हॉर्न आणि बाजूनं 'सार, टू बीएचके?' ऐकणाऱ्या माणसाला हे दृश्य वैकुंठाहून वेगळं वाटत नाही.

आता अडचण अशी, की तो अमेरिकन बास आपल्या नद्यांत नाही. नावापुरता त्याचा इकडचा भाऊबंद म्हणजे सी बास, रायगडातला जिताडा, आंध्राच्या किनाऱ्यावरचा पंडुगप्पा. जन्म खाडीच्या तोंडाशी, पण गोड्या पाण्याच्या तळ्यातही सुखानं वाढतो. कुकटपल्लीत तो मॉलमध्ये बर्फावर पडलेला भेटतो आणि किमतीची पाटी वाचेपर्यंत आपल्याकडं टक लावून बघतो. जिताड्याचा अधिकृत अभ्यासक म्हणजे आमचा साडू. तो अलिबागचा. मी नदीवर मासे धरायला जाणार, हे सांगायला त्याला फोन केला, तर तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं लाइन गेली.

"गोड्या पाण्यातला मासा?" शेवटी तो म्हणाला. "अरे, तो मासा नसतो. ती पालेभाजी."

कोकणातल्या माणसापुढं मराठवाड्याच्या माणसानं माशावर बोलू नये, हे मला मान्य आहे. आमची नदी मांजरा. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते आणि लातूरच्या वाट्याला बहुधा वाळूच येते. 2016 साली आमच्या शहराला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं आणि लोक स्टेशनावर स्वागताला उभे होते. त्या टाकीतून चुकून एखादा मासा उतरला असता, तर त्यालाही शाल-श्रीफळ मिळालं असतं. पण हीच मांजरा पुढं बिदर ओलांडून तेलंगणात शिरते, सिंगूरच्या धरणात ऐसपैस पसरते आणि हैदराबादला पाणी पाजते. म्हणजे मी लातूर सोडून ज्या नळाचं पाणी पितो, ते आमच्याच नदीचं. आमच्या घरच्या पाण्यातल्या माशांवर माझा काही वारसाहक्क आहे की नाही? साडू म्हणाला, "तलाठ्याला विचार."

सामान ऑनलाइन मागवलं. दुर्बिणीसारखी लांब होणारी काठी, रीळ, शिशाचे गोळे आणि एक रबरी बेडूक. हा बेडूक मरळसाठी. मरळ म्हणजे इकडचा कोर्रमीनु, तेलंगणाचा राज्यमासा. गवतात दबा धरून बसतो, हवा घ्यायला पाण्याच्या वर येतो आणि बेडूक दिसला की त्याच्यावर तुटून पडतो. तेव्हा बेडूक नेमका गवताच्या कडेला पडला पाहिजे, आणि त्यासाठी मनगटाला सराव पाहिजे. सराव मी आमच्या गच्चीवर सुरू केला.

मे महिना होता. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर आवकायसाठी कैऱ्यांच्या फोडी आणि त्यांच्या बाजूला वडियालु वाळत घातले होते. माझा पहिला बेडूक पाण्याच्या टाकीवर बसला. दुसरा डिशच्या छत्रीत. तिसरा मात्र मनगटातून असा सुटला की अमेरिकेतल्या टोपीवाल्यानंही टोपी काढावी. तो थेट कैऱ्यांच्या मधोमध, राखण करत बसलेल्या आजींच्या पायाशी उतरला.

"कप्पा! कप्पा!" आजी ओरडल्या. बेडकाला तेलुगूत काय म्हणतात ते मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. मी घाईनं रीळ फिरवलं. बेडूक उड्या मारत परत निघाला, ते पाहून आजी आणखी ओरडल्या, आणि वाटेत दोरीवर वाळणारी एक निळी चौकड्याची लुंगी बरोबर घेऊन तो आमच्या गच्चीवर आला. माझ्या गळाला लागलेली ती पहिली वस्तू. लांबी दोन मीटर. त्याच रात्री अपार्टमेंटच्या ग्रुपवर सूचना आली: "रहिवाशांना विनंती की गच्चीवर मासेमारी करू नये." खाली एकोणीस अंगठे.

मग खऱ्या पाण्याकडं वळलो. कुकटपल्ली ही तशी तळ्यांचीच वस्ती. जवळचं म्हणजे रंगधामुनी चेरुवु, ज्याला सगळे आयडीएलचं तळं म्हणतात आणि जिथं गणपती विसर्जनाला गर्दी लोटते. भल्या पहाटे गेलो. कुणी नसेल, ही अपेक्षा. पण पहाटे पाचला हैदराबादेत एकच जागा गजबजलेली असते, ती म्हणजे चालण्याची वाट. आणि त्या वाटेवर होते आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे मास्टरगारू.

मास्टरगारू निवृत्त गणित शिक्षक. शुद्ध शाकाहारी. आयुष्यात कधी मासा खाल्लेला नाही, धरलेला नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे नीट पाहिलेलाही नाही. त्यामुळं या विषयावरचं त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असतं.

"चेपलु पड्डाया?" त्यांनी विचारलं. म्हणजे, काही लागलं का? मी अजून गळाला गांडूळसुद्धा लावलं नव्हतं.

"गाळ फार. इथं फक्त मांगूर मिळणार," ते म्हणाले. हा मांगूर म्हणजे प्रत्येक तळ्याकाठी कुणी ना कुणी पाहिलेला तो काळा राक्षस. नाव थाई, जन्म आफ्रिकेतला, मुक्काम भारतात आणि पाळायला बंदी. समोर येईल ते खातो, इतर माशांना उरू देत नाही. मास्टरगारूंनी दोन्ही हात पसरून त्याचा आकार दाखवला. तेवढ्यात त्यांच्या मागून चालणारे एक गृहस्थ थांबले आणि त्यांनी हात आणखी पसरले. तिसरे हास्यक्लबमधून आले होते, त्यांनी मासा न दाखवता नुसतंच हसून घेतलं. चौथ्यांनी कणकेत हिंग घालायला सांगितलं. पाचव्यांनी हिंग नको, बडीशेप म्हटलं. त्यावर दोघांचं माझ्या खांद्यावरून इतकं वाजलं की माझा गळ पाण्यात आहे हे तिघंही विसरलो. एकानं "बघू बघू" म्हणत दोरी ओढून पाहिली. एका मुलानं विचारलं, "अंकल, तुमचा मोबाइल पडलाय का पाण्यात?" जाता जाता एका बाईंनी फक्त एवढंच विचारलं, की घरी बायको आहे ना?

सार्वजनिक जागेवर सगळंच सार्वजनिक असतं. जागा, काठी, आमिष, माझं आयुष्य. एकटा मासा तेवढा खासगी.

गळाला लागलं. दोरी ताणली, काठी वाकली, दहा-बारा माणसं श्वास रोखून पुढं झाली. वर आली ती निर्माल्याची फुगलेली पिशवी. मग स्कूटरच्या सीटचं कव्हर. तिसऱ्यांदा काठी वाकली तेव्हा शिट्टी वाजली. राखणदार आला होता.

"इक्कड वद्दु सार," तो म्हणाला. इथं नको.

"मग कुठं?" मी विचारलं. पलीकडच्या काठाकडं बोट करून म्हटलं, "तिथं?"

त्यानं अगदी प्रामाणिकपणं विचार केला. मला मदत करायची त्याची मनापासून इच्छा होती. मग म्हणाला, "अक्कडा वद्दु."

त्याचं चुकत नव्हतं. तेलंगणात तळी हजारोंनी आहेत, पण त्यांतले मासे बेवारशी नसतात. गावोगावच्या तळ्यांतला हक्क मच्छीमार सहकारी सोसायट्यांकडं असतो, मुदिराज आणि गंगापुत्र समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या हे काम करत आली आहेत. मत्स्यबीज ते सोडणार, जाळं ते टाकणार, आणि मी रविवारी सकाळी रबरी बेडूक घेऊन वारसाहक्क सांगणार. बेडूकसुद्धा लाजला असता.

परत येताना मास्टरगारूंनी आपलं माशांशी असलेलं नातं सांगितलं. मृगशिरा कार्ते लागली, म्हणजे आपल्याकडं मृग निघतो त्या सुमारास, नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर बत्तिनी कुटुंब दम्याच्या रुग्णांना 'फिश प्रसादम' देतं. जिवंत मरळीच्या बोटभर पिल्लाच्या तोंडात पिवळसर औषध भरतात आणि ते पिल्लू तसंच गिळायचं. 1845 पासून हे चालू असल्याचं ते कुटुंब सांगतं. दम्यावर त्याचा उपयोग होतो याला डॉक्टरांचा दुजोरा नाही, रांगेला मात्र अंत नाही. शाकाहारी माणसाला तेच औषध गुळातून मिळतं. मास्टरगारू गुळाच्या रांगेतले. त्याच दिवशी उरलेलं तेलंगण मासे खातं, म्हणून बाजारात भाव चढतो. आमच्याकडं कोकणात, देशावर पहिल्या पावसात चढणीचे मासे धरतात. मृगाशी माशाचं काहीतरी आहे खास. फक्त त्यात मी कुठंच बसत नाही.

शेवटी ठरलं, मांजरेवरच जायचं. मुंबई हायवेनं संगारेड्डीकडं, पन्नासेक किलोमीटर. मास्टरगारू बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं, गाडी सुरू केली तेव्हा ते पुढच्या सीटवर थर्मास आणि दहीभाताचा डबा घेऊन बसलेले होते.

या वेळी शिकार शिंगाळ्याची, म्हणजे आपल्या मिशीवाल्या कॅटफिशची. हा तळाशी फिरतो, दिवसा सुस्त, अंधारात हुशार. त्याच्या मिशांवरच नव्हे तर साऱ्या अंगावर चव कळणारी इंद्रियं असतात. साऱ्या अंगानं चव घेणारा प्राणी तोवर मी फक्त साडूच्या रूपानं पाहिला होता. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा वासावर चालतो, म्हणून आमिष जितकं कुजकं तितकं चांगलं. मी कोंबडीची कलेजी दोन दिवस बाहेर ठेवून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, डिकीत ठेवली होती. झाकण घट्ट होतं, डबा चिरलेला होता. पटानचेरूपर्यंत मास्टरगारू काही बोलले नाहीत. पुढं त्यांनी काच खाली केली. आणखी पुढं त्यांनी डोकंच बाहेर काढलं. त्यांच्या शाकाहाराची एवढी कसोटी नामपल्लीतही लागली नसेल.

मांजरा बंधाऱ्याच्या पाण्यावर गेलो तर तिथं अभयारण्य. 1978 पासून राखलेलं, मगरींसाठी. मासे मारायला सक्त मनाई. म्हणजे त्या पाण्यात मासेमारीचा परवाना आहे तो फक्त मगरींना, आणि त्यांच्याकडं कुणी "काही लागलं का?" म्हणून विचारायला जात नाही. त्या दिवशी मला प्रथमच मगरीचा हेवा वाटला.

बऱ्याच अंतरावर, हद्दीच्या बाहेर, एका पुलाखाली लोक कपडे धूत होते, म्हशी डुंबत होत्या, तिथं उतरलो. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक माणूस जाळं सोडत होता. तो काठाला आला. सोसायटीचा मेंबर होता. मी नम्रपणं विचारलं, "बसलो तर चालेल का?" त्यानं माझी काठी पाहिली, रीळ पाहिलं, टोपी पाहिली, रबरी बेडूक जरा जास्त वेळ पाहिला.

"कूर्चोंडी सार," तो म्हणाला. "मीकु पडवु." बसा हो. तुम्हाला काही लागणार नाही.

इतक्या स्वच्छ शब्दांत परवानगी मला कुठल्याही कचेरीत मिळालेली नाही.

बसलो. ऊन चढलं. मास्टरगारूंनी दहीभात खाल्ला. कलेजीच्या वासानं दोन कुत्री, एक घार आणि असंख्य माशा जमल्या, म्हणजे पाण्यातले सोडून सगळे. आणि अचानक काठीचं टोक थरथरलं. मी ओढलं. पाण्यातून खरोखर एक शिंगाळा वर आला. बिनखवल्याचा, गुळगुळीत, रुपेरी, लांब मिशा दोन्ही बाजूंना पसरलेल्या. वीतभरही नव्हता, पण चेहऱ्यावर भाव निवृत्त फौजदाराचा. मी आनंदानं त्याला मुठीत धरलं आणि तितक्याच जोरात किंचाळलो. या माशाला दोन्ही बाजूंच्या परांत आणि पाठीवर एकेक काटा असतो, आणि तो उभा केला की विंचवाला मान खाली घालावी लागते. काटा अंगठ्यात. मासा पाण्यात. मी त्याला सोडलं असं म्हणण्यापेक्षा त्यानं मला सोडलं.

तराफ्यावरचा माणूस धावत आला. "जेल्ला," तो म्हणाला, "वेडी नीळ्ळु!" गरम पाणी हवं. ते कुठून आणणार? त्यानं मास्टरगारूंचा थर्मास उघडला, झाकणभर वाफाळती फिल्टर कॉफी ओतली, सोसेल इतकी निवू दिली आणि माझा अंगठा त्यात बुडवला. कळ खरंच ओसरली. मास्टरगारू त्या कॉफीकडं इतक्या दुःखानं बघत होते की क्षणभर वाटलं, काटा त्यांनाच लागला आहे.

त्यांनी मात्र एक काम केलं होतं. मी किंचाळण्याच्या आधीच्या त्या अर्ध्या सेकंदात फोटो काढला होता. अमेरिकन शास्त्राप्रमाणं हात पुढं ताणून मासा कॅमेऱ्याजवळ आणला की तो मोठा दिसतो, हे मला ठाऊक होतं. फोटोत मासा चांगला हातभर दिसतो. माझा अंगठा मात्र त्याच हिशेबानं केळ्याएवढा दिसतो. तरी मी तो घरच्या ग्रुपवर टाकला.

बायकोनं लिहिलं, "येताना कोथिंबीर."

आईनं लिहिलं, "आज संकष्टी आहे."

साडूनं अलिबागहून लिहिलं, "छान. आमच्याकडं हे जिताड्याला आमिष म्हणून लावतात."

परतीच्या वाटेवर मास्टरगारूंनी मला माझं काय चुकलं ते पटानचेरूपासून मियापूरपर्यंत समजावलं. शिसं हलकं हवं होतं, वेळ तिन्हीसांजेची हवी होती, आणि मासा मुठीत धरायचा नसतो, खालच्या जबड्याशी चिमट्यानं धरायचा असतो. हे सगळं शंभर टक्के बरोबर होतं. पुढच्या रविवारी कुठं जायचं, तेही त्यांनी ठरवून टाकलं आहे. थर्मास ते दोन आणणार आहेत.

म्हणून वाचकांना एक हात जोडून विनंती, दुसऱ्या हाताला पट्टी आहे. कुठल्याही तळ्याकाठी, नदीकाठी, पुलाखाली एखादा माणूस काठी धरून एकटा बसलेला दिसला, तर कृपा करून त्याला "काही लागलं का?" असं विचारू नका. काही लागलं असतं, तर त्यानंच तुम्हाला लांबून हाक मारली असती.